अश्मयुग आणि आईची बिस्किटे

मराठीचा प्राध्यापक म्हणून मला बावीस वर्षे झाली. या बावीस वर्षांत विद्यार्थ्यांना एक गोष्ट मी कंठशोष करून सांगत आलो आहे, की मजकूर वाचा, मथळ्यावर जाऊ नका. आणि हेच सांगणारा मी दोन वर्षे दर शनिवारी कॉलेजातून परतताना कोपऱ्यावरच्या दुकानातून आईसाठी बिस्किटांचे दोन पुडे आणीत होतो, ते निव्वळ मथळ्यावर भुलून. पुड्यावर हिरव्या पानाचे चित्र आणि ठसठशीत अक्षरांत ‘शुगर फ्री’. आईला मधुमेह होऊन पंधरा वर्षे झाली. साखर नाही म्हणजे ती खायला मोकळी, असे मी धरून चाललो. सकाळी तीन, दुपारी तीन असा तिचा रतीब मीच लावून दिला होता.

हे उघडकीस आले ते मात्र आडवाटेने, अश्मयुगाच्या वाटेने.

झाले असे, की जानेवारीत माझी स्वतःची तपासणी झाली. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा जो आकडा असतो, तो माझा ६.१ आला. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ झाला की मधुमेह; मी मधल्या उंबरठ्यावर उभा. डॉक्टरांनी चालायला सांगितले, वजन उतरवायला सांगितले. त्याच आठवड्यात माझा भाचा मुक्कामाला आला. हा रोज तालमीत जातो, अर्थात आता तिला जिम म्हणतात. माझा कागद पाहून तो म्हणाला, “मामा, तू पॅलिओ सुरू कर.”

पॅलिओ म्हणजे पुराणाश्मयुग. माणूस शेती करू लागला त्याला दहा-बारा हजार वर्षे झाली. त्याआधी लाखो वर्षे तो शिकार आणि कंदमुळे यांवर जगला. आपले शरीर त्या अन्नासाठी घडले आहे, तेव्हा तेच खावे, असा हा पंथ. वॉल्टर व्हॉग्टलिन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९७५ साली यावर पुस्तक लिहिले. १९८५ साली ईटन आणि कॉनर या दोघांचा लेख एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला आणि विषयाला प्रतिष्ठा मिळाली. २००२ साली लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने तो घरोघर नेला. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, बदाम-अक्रोड चालतात. धान्य, डाळी, कडधान्ये, दूध-दही, साखर आणि कारखान्यात तयार झालेले सारे बंद.

हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी हातातली डाव खाली ठेवली. आमचे घर शाकाहारी; फार तर अंडे. “अहो, पोळी नाही, भाकरी नाही, वरण नाही, ताकसुद्धा नाही. मग राहिलं काय? झाडपाला?” मी आपला उपवासाचा आधार शोधू लागलो, तर तिथेही बोंब. साबुदाणा नाही, वरी नाही, बटाटा कडव्या पंथात बसत नाही, आणि शेंगदाणा हा दाणा नसून कडधान्याचा भाऊबंद निघाला! एकादशीच्या फराळातले रताळे तेवढे तरले.

तरी मी सुरुवात केली. सकाळी दोन अंडी, दुपारी भाज्यांचा डोंगर, चारला मूठभर बदाम. तिसऱ्या दिवशी वर्गात शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे ज्वारीची भाकरी तरळली. आईलाही उत्साह आला होता, “मीही करते रे तुझ्याबरोबर.” तेवढे बरीक भाच्यालाही पटले नाही. मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना, किंवा इन्सुलिन घेत असताना, धान्य एकाएकी सोडले तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारल्यावाचून तिच्या ताटातला एक घासही हलवायचा नाही, असे ठरले.

भाच्याची दुसरी आज्ञा अशी, की घरातला प्रत्येक पुडा आणि प्रत्येक बाटली फडताळातून काढून टेबलावर मांडायची. “मामा, पुढचं वाचू नकोस. उलटं कर आणि मागचं वाच.” माझेच वाक्य माझ्याच भाच्याने मला ऐकवले.

त्या रात्री जे वाचन झाले तसे मी एम.ए.च्या परीक्षेच्या आदल्या रात्रीही केले नव्हते. या मजकुराला व्याकरण आहे, आणि ते मोठे शिस्तीचे आहे. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायची, असा आपल्याकडे कायदा आहे. जे पहिले तेच सर्वांत जास्त. म्हणजे पहिली तीन-चार नावे वाचली की कथानक कळते. ‘गव्हाचा’ म्हणवणाऱ्या पावात पहिले नाव मैद्याचे, आणि तो तांबूस रंग १५० क्रमांकाच्या जळक्या साखरेचा. सॉसच्या बाटलीत टोमॅटोच्या पाठोपाठ साखर. आणि ही साखर बहुरूपी. डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, कॉर्न सिरप, माल्ट एक्स्ट्रॅक्ट. एकच नट चार वेष बदलून चार प्रवेशांत येतो, म्हणून तो यादीत कुठेच पहिला दिसत नाही.

क्रमांक दिसले की दचकू नये, हेही सांगतो. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपले लिंबूसत्त्व. ५०० म्हणजे खायचा सोडा. आकड्यांची भीती घालणारे पुष्कळ भेटतात, त्यांचे ऐकू नये. त्यापेक्षा मिठाकडे पाहावे. पुड्यावर सोडियम लिहिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅमच्या आत मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एक तक्रार मात्र मराठीचा माणूस म्हणून नोंदवतो. हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा एवढेच कायद्याचे म्हणणे. मराठीची सक्ती नाही. माझ्या आईने सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकून पुढे आयुष्यभर पोथ्या वाचल्या. पण रोज पोटात जाणारी ही पोथी तिला वाचता येत नाही.

सर्वांत शेवटी तिचा पुडा हाती आला. मैदा. मग पामतेल. मग माल्टिटॉल आणि माल्टोडेक्स्ट्रिन. शेजारच्या चौकटीत शंभर ग्रॅमला साखर शून्य, आणि त्याच्याच वरच्या ओळीत कर्बोदके ६८ ग्रॅम.

पुड्यावर खोटे काहीच लिहिलेले नव्हते, हे लक्षात घ्या. शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून जास्त साखर नसेल तर ‘शुगर फ्री’ म्हणता येते. पण मैदा पोटात गेला की त्याची साखरच होते. माल्टोडेक्स्ट्रिन हे पिष्टापासून केलेले चूर्ण. ते साखरेच्या रकान्यात मोजले जात नाही आणि रक्तात मात्र झपाट्याने साखर होऊन उतरते. माल्टिटॉलही साखर वाढवते. साखरेपेक्षा कमी, पण वाढवते. मी कागद घेऊन हिशेब मांडला. आठ ग्रॅमचे एक अशी सहा बिस्किटे, म्हणजे सुमारे ३३ ग्रॅम कर्बोदके. आपल्या घरच्या दीड पोळीइतकी. जेवणात अर्धी पोळी कमी घे म्हणून आईच्या मागे लागणारा मी, दोन वर्षे तिला रोज दीड पोळी वरून खाऊ घालीत होतो. गेल्या वर्षी तिचा आकडा ७.२ वरून ८.४ वर गेला होता आणि डॉक्टरांनी गोळी वाढवली होती. सगळा दोष बिस्किटांचा नाही, असे डॉक्टर पुढे म्हणाले. पण त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी आईला सांगितले. वाटले, तिला वाईट वाटेल, आवडती वस्तू सुटली म्हणून. ती म्हणाली, “बरं झालं बाबा. भुश्यासारखी लागत होती. तू आठवणीने आणतोस म्हणून खात होते.”

माझे अश्मयुग एकोणीस दिवस टिकले. आमच्या जवळच प्रवरेकाठी नेवासे आहे. ज्ञानेश्वरी तिथली म्हणून मी ते वर्गात सांगतो. पण त्याच नदीकाठी डॉ. सांकळियांना अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारेही सापडली होती. त्या माणसाशी नाते सांगायला मला आवडले असते. पण शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे उत्खनन केले, आणि तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी जव पिकवून खाणारी, धान्य साठवणारी वस्ती तिथे निघाली. माझे नाते या मंडळींशी जास्त जवळचे वाटते. शिवाय जॉर्डनमध्ये चौदा हजार वर्षांपूर्वीच्या, म्हणजे शेतीच्याही आधीच्या, भाकरीचे जळके तुकडे सापडल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले आहे. अश्मयुगातला माणूसही भाकरीला अगदीच पारखा नव्हता, हे वाचले त्याच संध्याकाळी मी पिठल्यासह एक भाकरी खाल्ली. एकच, पूर्वी तीन खात असे.

माझा आकडा आता ५.८ आहे. आईचा ७.५. चहाबरोबर ती चार भाजके फुटाणे घेते, डॉक्टरांना विचारून.

परवा शेजारच्या वहिनींनी दिवाळीचा म्हणून तयार चिवड्याचा पुडा आणून दिला. मी आत कपडे बदलत होतो. बाहेर येऊन पाहतो तो आई खिडकीशी बसलेली, पोथीचे भिंग पुड्याच्या पाठीवर धरलेले, आणि नातीला शेजारी बसवून इंग्रजी अक्षरे लावते आहे.

“पहिलं नाव पोह्यांचं आहे,” ती मला म्हणाली, “पण दुसरं काय आहे ते ही नीट सांगत नाही. तू वाच बघू.”