खोकला थांबला तरी टीबी संपत नाही. छातीतला जंतू लपतो तरी कुठे?

गोळ्या सुरू केल्या, महिना-दीड महिन्यात खोकला थांबला, संध्याकाळचा ताप गेला, जेवण जायला लागलं, वजनही थोडं वाढलं. मग रोज एवढ्या गोळ्या कशाला गिळायच्या? असं म्हणून टीबीचं औषध मध्येच सोडणारे पेशंट बहुतेक तालुक्यांत सापडतात. त्यातल्या काहींचा आजार काही महिन्यांनी परत उलटतो, आणि त्या वेळी नेहमीच्या गोळ्या लागू पडतीलच याची खात्री नसते.

नुसता पेशंटला दोष देऊन इथे भागत नाही. बरं वाटलं की औषध बंद, हेच सगळे सर्दी-तापाला वर्षानुवर्षं करत आलेत. पण टीबीचा जंतू वेगळ्या चालीचा आहे. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये हा जंतू शोधल्याचं जाहीर केलं. म्हणून 24 मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळतात. आज जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे.

हा जंतू हवेतून येतो. फुफ्फुसाचा टीबी झालेला माणूस खोकला, शिंकला किंवा मोठ्याने बोलला तरी बारीक थेंब उडतात आणि बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. श्वासाबरोबर ते फुफ्फुसाच्या अगदी टोकाला पोचतात. तिथे द्राक्षाच्या घडासारखे हवेचे बारीक फुगे असतात. (ताट-वाटी, कपडे, हात मिळवणं यांतून टीबी पसरत नाही. तरी घरोघरी पेशंटचं ताट वेगळं होतं आणि खिडकी मात्र बंदच राहते. करायला हवं नेमकं उलटं.)

राखणदाराच्याच पोटात मुक्काम

त्या फुग्यांमध्ये शरीराच्या राखणदार पेशी फिरत असतात. बाहेरचा जंतू दिसला की त्याला गिळायचं, एका पिशवीत कोंडायचं आणि त्या पिशवीत आम्ल व पाचक रस सोडून त्याला विरघळवायचं, हे त्यांचं काम. बरेचसे जंतू इथेच संपतात.

टीबीचा जंतूही गिळला जातो. पण त्याच्या अंगावर मेणासारखं जाड कवच असतं, त्यामुळे तो सहजासहजी विरघळत नाही. त्याहून मोठी चलाखी पुढची. तो असे काही पदार्थ सोडतो की रस आणणारी पिशवी त्याच्या पिशवीला येऊन जोडलीच जात नाही. कोंडलं खरं, पण शिक्षा देणारा येतच नाही. चोराने पाटलाच्या वाड्यातच मुक्काम ठोकावा, तसं हे झालं. बाहेरून पाहणाऱ्या इतर पेशींना तो लवकर दिसत नाही. त्याच पेशीत तो वाढतो, शेवटी तिला मारतो आणि शेजारच्या पेशीत शिरतो.

शरीराची दुसरी फौज जागी व्हायला काही आठवडे लागतात. ती आली की जंतू असलेल्या पेशींभोवती कडं करते आणि एक बारीक गाठ तयार होते. बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथेच थांबते. जंतू गाठीत निपचित पडून राहतो, माणूस आजारी नसतो आणि दुसऱ्याला लागणही देत नाही. अशा शंभर लोकांपैकी साधारण पाच ते दहा जणांना आयुष्यात कधी तरी खरा टीबी होतो. अंगात ताकद कमी झाली की धोका वाढतो: कुपोषण, शुगर, एचआयव्ही, दारू, तंबाखू-विडी. गाठ आतून मऊ होऊन फुटते, फुफ्फुसात पोकळी पडते, खोकला सुरू होतो आणि जंतू दुसऱ्याच्या श्वासात जायला मोकळा होतो.

सहा महिने कशासाठी?

जुलाबाचे काही जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. टीबीच्या जंतूला त्यासाठी जवळपास पूर्ण दिवस लागतो आणि काही तर महिनोन्महिने झोपूनच असतात. तणनाशक फवारलं की उगवलेलं तण जळतं, मातीतलं बी तसंच राहतं. इथेही तसंच. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारे जंतू झपाट्याने मरतात, म्हणून बरं वाटतं. दबून बसलेले मारायला पुढचे महिने लागतात. साध्या टीबीला पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन औषधं देतात ती यासाठी.

एकाच वेळी एवढी औषधं का, यालाही कारण आहे. फुफ्फुसाच्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असू शकतात. त्यात एखाद्या औषधाला दाद न देणारे थोडे आधीपासूनच असतात. एक औषध त्यांना सोडतं, पण दुसरं मारतं. डोस अर्धवट राहिला की नेमके हेच वाचतात आणि वाढतात.

गोळ्यांनी लघवी केशरी होते, ते औषधाच्या रंगामुळे. घाबरून औषध सोडू नये. मात्र डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या होऊ लागल्या, नजर अंधूक झाली किंवा हातापायांना मुंग्या आल्या तर लगेच डॉक्टरांना दाखवावं. ते गोळ्या बदलून देऊ शकतात.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटणं किंवा बेडक्यातून रक्त दिसलं तर सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी मोफत होते. तपासणीला नुसती थुंकी चालत नाही, छातीतून काढलेला बेडका लागतो. गोव्यातल्या कंपनीने तयार केलेलं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट मशीन आता अनेक ठिकाणी आहे. महत्त्वाचं एक औषध लागू पडेल की नाही, हेही त्यावर कळतं. उपचार चालू असताना निक्षय पोषण योजनेतून खात्यात पैसे जमा होतात. नोव्हेंबर 2024 पासून ही रक्कम महिन्याला 1,000 रुपये आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्यांचा प्रश्न अवघड. पावसाळ्यात औषध सुरू झालं आणि दिवाळीच्या सुमारास टोळी निघाली, की निम्मा कोर्स फडावर जातो. पण पेशंटचा निक्षय नंबर सगळ्या देशात चालतो. निघण्याआधी आशा ताईंना किंवा आरोग्य केंद्रात सांगितलं, तर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात नाव वर्ग करता येतं आणि पुढच्या गोळ्या तिथेच मिळतात. सोबत जाणाऱ्या लहान मुलांची तपासणीही निघण्याआधीच करून घ्यावी. आजार नसला तरी त्यांना प्रतिबंधक गोळ्या द्यायच्या का, हे डॉक्टर तेव्हाच ठरवतात.