दहा पॉइंट आणि दहा पॉइंट यांत फरक असतो: तरुण चढाईपटू जोखायचा कसा?

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसं.

गंगापूर तालुक्यातल्या एका श्रोत्याचा मेसेज आला होता. त्यांचा भाचा कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळतो, चढाईला जातो, सामन्याला दहा-बारा पॉइंट काढतो. आता गावातले लोक म्हणतायत की कॉलेज सोड आणि पूर्ण वेळ प्रो कबड्डीच्या मागे लाग. मामांचा प्रश्न साधा आहे: पोरगं खरंच तेवढं चांगलं आहे का, हे ओळखायचं कसं?

मी कोच नाही. दिवसभर कोड लिहितो आणि संध्याकाळी सामने बघतो. पण 'हा आकडा नेमकं काय मोजतोय' हा प्रश्न माझ्या कामात रोजचाच आहे, आणि इथेही तोच आहे.

आधी जरा लांबचं उदाहरण घेऊ. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलच्या लीगमध्ये, एनएफएलमध्ये, कॉलेजच्या पोरांची दरवर्षी ड्राफ्टमधून निवड होते. त्यात वाइड रिसीव्हर नावाची जागा असते. हा पुढे पळतो आणि क्वार्टरबॅकने लांबून फेकलेला बॉल झेलतो. याला जोखणं अवघड, कारण त्याचे आकडे दुसऱ्याच्या हातावर अवलंबून असतात. फेकणारा चांगला असेल तर झेलणारा मोठा दिसतो. मग लोक स्वतंत्रपणे मोजता येईल अशा गोष्टीकडे वळतात: वेग. 2017 मध्ये जॉन रॉस 40 यार्ड 4.22 सेकंदांत पळाला, तेव्हाचा विक्रम. सिनसिनाटीने त्याला नवव्या क्रमांकावर उचललं. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. उलट पुका नाकुआ 2023 मध्ये थेट पाचव्या फेरीत, 177 व्या क्रमांकावर गेला, आणि पहिल्याच हंगामात 105 झेल आणि 1,486 यार्ड काढून त्याने नवख्या खेळाडूंचे विक्रम मोडले. एवढे पैसे, एवढे स्काउट, तरी हे असं होतं. आपल्याकडे तर गावातल्या स्पर्धेत कोण किती पॉइंट काढतो एवढंच बघतात.

आता मॅटवर येऊ.

सामना संपल्यावर स्कोअरशीटवर 'चढाईचे पॉइंट: 10' असं येतं. पण पॉइंट दोन प्रकारचे असतात. समोर सहा किंवा सात गडी असताना बोनस रेषा ओलांडली की बोनसचा एक पॉइंट. आणि गड्याला हात किंवा पाय लावून मध्यरेषेला परत आला की टच पॉइंट. शीटवर दोन्ही सारखेच, पण खेळात नाही. टच पॉइंट मिळाला की समोरचा एक गडी बाहेर जातो आणि आपला बाहेर बसलेला एक गडी आत येतो. बोनसने यातलं काहीच होत नाही, फक्त फळ्यावरचा आकडा वाढतो.

आणि तिसरी गोष्ट शीटवर बहुतेक वेळा कोणी बघतच नाही: चढाईपटू स्वतः किती वेळा पकडला गेला. तो पकडला गेला की समोरच्यांना पॉइंट मिळतो, त्यांचा एक गडी परत येतो आणि हा बाकावर जाऊन बसतो.

एक हिशोब करू, काल्पनिक आहे. अ आणि ब, दोघांच्या 20-20 चढाया, दोघांचे 10-10 पॉइंट. अ चे दहाही टच, आणि तो दोनदा पकडला गेला. ब चे सहा बोनस, चार टच, आणि तो सहा वेळा पकडला गेला. पॉइंटांत अ ने संघाला निव्वळ 8 दिले, ब ने 4. गड्यांचं बघा: बाहेर कोणी बसलेलं आहे असं धरलं, तर अ ने आपले दहा गडी परत आणले आणि त्यांचे दोन आणून दिले. ब ने आपले चार आणले आणि त्यांचे सहा आणून दिले. म्हणजे गड्यांच्या हिशोबात ब तोट्यात गेला! गावात मात्र दोघांचीही 'दहा पॉइंटवाला' म्हणून सारखीच वाहवा होणार.

बोनस वाईट असतो असं मी म्हणत नाहीये. ज्याला बोनस घेता येतो त्याच्यासाठी कोपऱ्यातल्या रक्षकाला पुढे यावं लागतं आणि मग टचची संधी तयार होते. पण नुसता बोनसवर जगणारा पोरगा समोर पाचच गडी उरले की काय करतो, ते बघा. पाच गड्यांवर बोनस नसतोच.

पॉइंट कुणासमोर आणि कधी काढले हेही बघायला हवं. समोर सात गडी, साखळी नीट बांधलेली, स्कोअर बरोबरीत, तिथला टच वेगळा. लोण चढायला आलाय, समोर दोन घाबरलेले गडी उरलेत, तिथले दोन पॉइंट वेगळे. आणि डू ऑर डाय. संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत पॉइंट काढावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. समोरच्यांना हे माहीत असतं, ते आत ओढून घ्यायला टपलेले असतात. माझं वैयक्तिक मत विचाराल तर मी पोराच्या फक्त डू ऑर डाय चढायाच आधी बघेन.

आता रिसीव्हर आणि क्वार्टरबॅकवाली गोष्ट कबड्डीत कुठे येते? ती येते पकडीत. चढाईपटू बाद होऊन बसला की त्याला परत आत आणणार कोण? संघातले दुसरे चढाईपटू किंवा रक्षक. पकड चांगली असेल तर तो लवकर आत येतो, जास्त चढाया मिळतात, पॉइंट वाढतात. कमजोर संघात तोच पोरगा मिनिटं-मिनिटं बाकावर बसून राहतो. त्यामुळे एकूण पॉइंटांपेक्षा दर चढाईमागे पॉइंट किती, हे बघणं जास्त न्यायाचं.

आपल्या महाराष्ट्राचंच उदाहरण. चंदगड भागातला सिद्धार्थ देसाई. 2018 मध्ये सहाव्या हंगामात यू मुंबाने त्याला 36.4 लाखांत घेतलं. पहिल्याच हंगामात चढाईचे 218 पॉइंट. मागे फजल अत्राचलीची पकड होती, संघ प्ले-ऑफला गेला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने 1.45 कोटी मोजले. तेव्हा कुणीही शंका घेतली असती की हे पॉइंट त्याचे की मुंबाच्या पकडीचे? त्याने टायटन्सकडून 217 काढले. जवळपास तेवढेच! म्हणजे कौशल्य त्याचं स्वतःचंच होतं. पण टायटन्स प्ले-ऑफला पोचले नाहीत. आणि त्याच्या पुढच्या हंगामात खांद्याच्या दुखापतीने तो सुरुवातीलाच बाहेर गेला. चढाईपटूचा खांदा आणि गुडघा म्हणजे त्याचं भांडवल, आणि कुठल्याही लिलावात त्याची हमी मिळत नाही.

दुसरं उदाहरण नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा अस्लम इनामदार. दहाव्या हंगामात चढाईचे सगळ्यात जास्त पॉइंट दिल्लीच्या आशु मलिकचे होते, 276. अस्लम त्याच्या आसपासही नव्हता. पण स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू अस्लम ठरला, आणि त्याच्या कप्तानीत पुणेरी पलटणने 1 मार्च 2024 ला हरियाणाला 28-25 ने हरवून विजेतेपद घेतलं. पुण्याकडे चढाईला जाणारे तीन-चार जण होते, अस्लम गरज पडेल तेव्हा जायचा आणि पकडीतही हात घालायचा. निव्वळ पॉइंटांच्या यादीवरून संघ निवडणाऱ्याने त्याला बराच खाली ठेवला असता.

तर मामा, तुमच्या भाच्याकडे वळतो.

कॉलेज सोडू नका, असं मी स्पष्टच सांगेन. उपदेश म्हणून नाही, तर रस्ता तिथूनच जातो म्हणून. कॉलेजातून विद्यापीठाचा संघ, तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धा. दहाव्या हंगामाच्या लिलावात खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्सच्या अंतिम फेरीतल्या दोन्ही संघांचे खेळाडू यादीत घेतले होते. कॉलेज सोडलं की हे दार आपणच बंद करतो. शिवाय आकडे बघा: त्या लिलावात सगळ्यात खालच्या ड गटाची मूळ किंमत 9 लाख होती. ऐकायला छान वाटतं, पण तेही बोली लागली तरच, आणि एका हंगामापुरतं. प्रदीप नरवाल, ज्याने एका हंगामात चढाईचे 369 पॉइंट काढले, त्याला 2025 च्या लिलावात कुणीच घेतलं नाही. पोलिस, रेल्वे, सेनादल अशा खेळाडू भरतीसाठीसुद्धा विद्यापीठाची प्रमाणपत्रं आणि डिग्री दोन्ही हाताशी असलेली बरी.

आणि एक वही करा. दर सामन्याला भाच्याची प्रत्येक चढाई एका ओळीत: समोर किती गडी होते, टच की बोनस की रिकामी, पकडला गेला का, डू ऑर डाय होती का, मॅट होती की माती. मातीवर पाय वेगळा पडतो, मॅटवर बूट घालून वळणं वेगळं, म्हणून तो रकाना वगळू नका. मोबाइल मैदानाच्या मागच्या बाजूला उंचावर लावून रेकॉर्ड केलं तर रात्री घरी बसून भरता येईल. संभाजीनगरला गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा विद्यापीठात मोठ्या संघांशी सामने होतील, त्यांना वेगळी खूण करा, कारण शेजारच्या गावाविरुद्धचे बारा पॉइंट आणि तिथले पाच एका मापाने मोजता येत नाहीत.

दहा सामने झाले की वहीचे फोटो पाठवा. पोराचं नाव झाकून, पुढच्या एखाद्या भागात आपण ती वहीच उघडून बसू.