महागडा फोन तापला, जुना चालत राहिला

मे महिन्यातली दुपार, जयपूरचा जोहरी बाजार. ई-रिक्षातून उतरलो आणि भाडं द्यायला पाच महिन्यांपूर्वीच घेतलेला, तीस हजारांचा फोन काढला. पडदा इतका मंद की काही दिसेना. वर ‘फोन गरम झाला आहे’ अशी सूचना. रिक्षावाला हसला. "साब, इसको छाया दिखाओ." त्याच्या हँडलला रबरबँडने बांधलेल्या रेडमी नोट ४ वर गाणी खुशाल चालू होती. जानेवारी २०१७ मध्ये भारतात आला तेव्हा हा फोन ९,९९९ रुपयांपासून मिळत होता.

एका दुपारच्या अनुभवावरून निकाल देऊ नये, मान्य. पण जे झालं त्याला कारण आहे.

गैरसमज असा की चिप जितकी जोरदार, तितका फोन दिवसभर वेगवान. वस्तुस्थिती : चिप राबते तशी तापते, आणि ताप हाताबाहेर जायला लागला की फोन स्वतःच वेग उतरवतो, पडदा मंद करतो, चार्जिंग थोपवतो. अ‍ॅपल आपले आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरायला सांगतं. जयपूरचा मे चाळिशी सहज ओलांडतो. नोट ४ मधल्या स्नॅपड्रॅगन ६२५ चे आठही कोअर कमी वीज खाणारे. धाव बेताची, तापणंही बेताचं. उलट २०१५ च्या कित्येक महागड्या फोनांतली स्नॅपड्रॅगन ८१० लोकांच्या लक्षात राहिली ती तापण्यासाठीच.

दुसरा समज : नवा आणि महाग, म्हणजे जलद. मार्च २०२१ मध्ये पोको एक्स३ प्रो १८,९९९ रुपयांना आला. आत स्नॅपड्रॅगन ८६० आणि यूएफएस ३.१ स्टोरेज. एप्रिल २०२३ मध्ये वनप्लस नॉर्ड सीई ३ लाइट आला १९,९९९ रुपयांना. त्यात स्नॅपड्रॅगन ६९५ आणि यूएफएस २.२. गेम खेळताना, मोठ्या फाइली हलवताना दोन वर्षांनी जुना फोनच पुढे. मग वरचे हजार रुपये कशाचे? ५जी आणि १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा. त्यातही असा कॅमेरा एरवी नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो! खोक्यावरच्या ‘८ + ८ जीबी’चंही तसंच : दुसरे आठ म्हणजे रॅम नव्हे, स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा.

५जीचं म्हणाल तर जुन्या शहराच्या जाड भिंतींना त्याचं कौतुक नाही. ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी भिंतीपलीकडे लवकर दमतात. ८५०-९०० च्या पट्ट्यातलं ४जी आतल्या खोलीपर्यंत पोचतं. तिथे नवा फोन कधी ५जी, कधी ४जी असा चाचपडत बॅटरी खातो.

‘फोन हळू झाला, आता बदला’ हा सल्ला मला सगळ्यात खटकतो. बऱ्याचदा म्हातारी झालेली असते ती बॅटरी, नाहीतर स्टोरेज गळ्यापर्यंत भरलेलं असतं. बॅटरी थकली की आयफोनचा वेग आपण कमी करतो, हे अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये स्वतःच कबूल केलं; नवी बॅटरी टाकली की वेग परत येत होता. माझ्या रिक्षावाल्यानेही जयपूरच्याच जयंती मार्केटमधून दोनदा बॅटरी बदलून घेतलेली.

म्हणून जुनं तेवढं सोनं, असंही नाही. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या फोनवर बँकेचे व्यवहार करणं धोक्याचं. अ‍ॅपही साथ सोडतात. जानेवारी २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅपने अँड्रॉइड ४.४ ला रामराम ठोकला.

बाजारातल्या बरामद्याच्या सावलीत माझा फोन निवला, क्यूआर कोड वाचला गेला, पैसे गेले. कोड रिक्षावाल्याच्या मुलाच्या खात्याचा होता. पैशाचं सगळं त्याच्या नव्या फोनवर. पैसे आले का, हे विचारायला रिक्षावाल्याने नोट ४ वरून मुलाला फोन लावला.