अमीश पहिल्यांदाच वाचतोय : ‘मेलुहाचे मृत्युंजय’

इ.स.पू. 1900. मानसरोवराकाठी चिलीम ओढत बसलेला, रोजच्या टोळीयुद्धांना कंटाळलेला एक तरुण. नाव शिव! अमीश त्रिपाठींचा नायक देव म्हणून येत नाही, माणूस म्हणून भेटतो. सोमरस पिऊन त्याचा गळा निळा पडतो आणि अख्खं मेलुहा त्याच्या पायाशी येतं, पण तो स्वतः मात्र गोंधळलेलाच. हे मला फार आवडलं.

आपल्याकडे निलंग्याला नीलकंठेश्वर, शेजारी परळी आणि औंढा. नीलकंठाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तरीही पुढे काय होणार, याचा अंदाज येत नाही.

मेलुहा हे नाव काल्पनिक नाही. मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांवर ते सापडतं आणि बहुतेक अभ्यासक ते सिंधू संस्कृतीशी जोडतात. उंच चौथऱ्यांवरची शहरं, झाकलेली गटारं हे सगळं उत्खननातूनच आलंय. उत्तर हडप्पा काळाच्या खुणा तर आपल्या महाराष्ट्रातही आहेत. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974 साली मिळालेला कांस्यरथ जरूर शोधून बघा.

संवाद मात्र फारच आजचे वाटतात आणि पात्रं अधूनमधून व्याख्यान देतात. 2010 साली आलेलं हे अमीशचं पहिलंच पुस्तक, आधी ते वित्तक्षेत्रात होते.

सध्या सतीपाशी आलोय. पूर्वजन्मीच्या पापाचा ठपका ठेवून तिला ‘विकर्म’ ठरवलंय, आणि शिवाला हा कायदाच मान्य नाही. कादंबरीने इथे खरा वेग घेतलाय. पुढचे दोन भाग कुणाकडे असतील तर सांगा, लातुरात येऊन घेऊन जाईन.