टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध? आरओ घेण्याआधी हे वाचा



मी जळगावचा, माझी आत्या धुळ्याची. गेल्या पावसाळ्यात तिच्या नातवाला महिन्यात दोनदा जुलाब झाले. दुसऱ्या वेळी सलाईन लावावं लागलं. त्याच आठवड्यात आरओ विकणारा एक जण दारात आला. त्याने नळाच्या पाण्यात दोन सळ्यांचं यंत्र बुडवलं आणि पाणी तपकिरी झालं! आरओचं पाणी मात्र जसंच्या तसं. आत्या घाबरली. फोनवर म्हणाली, "भाऊ, हाई पानी चांगलं शे का नही?" हप्त्यावर मशीन घ्यायचं जवळपास ठरलंच होतं. म्हटलं, दोन दिवस थांब, मी येतो.

तपकिरी रंग आला कुठून?

मी ९ व्होल्टची बॅटरी आणि दोन लोखंडी खिळे नेले. शेजारच्यांकडून ग्लासभर आरओचं पाणी आणलं. त्यात खिळे बुडवून वीज सोडली, काहीच झालं नाही. मग चिमूटभर मीठ टाकलं. थोड्याच वेळात तेच 'शुद्ध' पाणी गढूळ, तपकिरी!

क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. म्हणजे घाण पाण्यातली नव्हती, सळीतली होती.

टीडीएस मीटर काय सांगतं?

हे मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतू त्याला दिसत नाहीत. मोबाईलच्या कॅमेऱ्यालाही नाही.

आत्याकडे आकडा आला २६०. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगलं. मग पोरगा आजारी का पडला?

खरा दोषी: ड्रम

धुळ्यात बऱ्याच भागांत नळ रोज येत नाही, म्हणून पाणी ड्रममध्ये साठवतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. मानकानुसार ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं, पण साठवलेल्या पाण्यातून ते दिवसागणिक उडून जातं. ड्रममधल्या पाण्यात ओटीचे थेंब टाकले. क्लोरीन असतं तर पिवळा रंग आला असता. आला नाही. मग एचटूएस बाटलीत तेच पाणी भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी ते काळं पडलं. याचा अर्थ, विष्ठेतून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता. ड्रमला झाकण नव्हतं आणि सगळे जण हात बुडवून पाणी काढत होते.

मग कोणतं पाणी, कोणता उपाय?

* नळाचं पाणी: जळगावला वाघूर धरणाचं, धुळ्याला तापी आणि नकाणे तलावाचं पाणी येतं. अशा पाण्यात सहसा क्षारांपेक्षा गढूळपणा आणि जंतूंचीच काळजी जास्त. गाळून, खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळा. मेडिक्लोर वापरत असाल, तर बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब टाका आणि अर्धा तास थांबा. यूव्ही मशीनही चालतं, पण पाणी नितळ हवं आणि लाईट हवी.
* बोअरचं पाणी: इथे क्षार आणि नायट्रेट जास्त असू शकतं. केळी-कापसाच्या शेतातलं खत पाण्याबरोबर जमिनीत मुरतं. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्यापेक्षा जास्त असेल, तर तान्ह्या बाळांना धोका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. इथे आरओ खरंच कामाचा.

आरओ जंतूही अडवतो, हे खरं. पण ते पाणी उघड्या भांड्यात भरून त्यात हात घातला, की झालं परत तेच! शिवाय घरगुती मशीन बरंच पाणी बाहेर फेकतं. आठवड्यातून एक-दोनदा नळ येणाऱ्या घराला ते परवडणार आहे का?

शंका असेल तर बोअरचं पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. नायट्रेट आणि जंतू, दोन्ही तपासायला सांगा.

आत्याने मशीन घेतलं नाही. ड्रम घासून, वाळवून त्याला झाकण आणि तोटी बसवली. प्यायचं पाणी ती आता उकळते. तुम्ही मीटर विकत घेण्याआधी घरातल्या ड्रमचं झाकण एकदा उघडून बघा.