सोळाव्या वर्षाचं लायसन्स आणि गायब झालेली लुना

दहावीचा निकाल लागला की पेढ्यांच्या पाठोपाठ घरात गाडीचा विषय निघतो. अकरावीचा क्लास लांब, सकाळी सहाला बस नाही, बाबांची शिफ्ट. मग एखादे काका ठामपणे सांगतात, "सोळा पूर्ण झाली ना? मग विनागिअरची चालते. ॲक्टिव्हा द्या बिनधास्त." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, की ते कायद्यातच छापलं असावं असं वाटायला लागतं. कायद्यात ते नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ४ प्रमाणे सार्वजनिक जागी गाडी चालवायला १८ वर्षं पूर्ण हवीत. सोळा वर्षांच्या मुलासाठी अपवाद एकच: ज्या दुचाकीचं इंजिन ५० सीसीपेक्षा मोठं नाही, ती १६ पूर्ण झाल्यावर चालवता येते. 'विनागिअर' हा शब्द येतो तो पुढे, कलम ७ मध्ये. अठराच्या आतल्या मुलाला विनागिअर दुचाकीचं शिकाऊ लायसन्स हवं असेल तर पालकांची लेखी संमती लागते, एवढंच तिथे म्हटलंय. काकांनी एका कलमातलं वय घेतलं, दुसऱ्यातलं विनागिअर घेतलं, आणि मधले ५० सीसी सोडून दिले. ॲक्टिव्हाचं इंजिन साधारण ११० सीसीचं असतं.

हे ५० सीसी आले कुठून, हे ज्यांनी लुना पाहिली त्यांना सांगायला नको. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेली ही ५० सीसीची मोपेड कायदा झाला तेव्हा गल्लोगल्ली होती. मीही तिच्यावरच शिकलो. स्टँडवर चढवायची, सायकलसारखी पायडलं मारायची, इंजिन फुरफुरलं की हळूच खाली घ्यायची. चढ आला की इंजिनाला पायांनी हातभार लावावा लागे. मागे मित्र बसला तर ती इतकी कण्हायची, की तोच लाजून उतरायचा. वेगाचा मोह पडावा अशी ती गाडीच नव्हती, आणि कायद्याच्या दृष्टीने हाच तिचा मोठा गुण होता. सायकल आणि स्कूटर यांच्या मधली ती पायरी होती.

ती पायरी आता बाजारात नाही. शोरूममध्ये जाऊन पेट्रोलवरची ५० सीसीची दुचाकी मागून बघा. मोपेडच्या वंशातली टीव्हीएस एक्सएलसुद्धा आता १०० सीसीची आहे. कलम मात्र जागच्या जागी आहे, आणि त्याखाली लायसन्सही निघतं. ते कसं, तेही पाहू. सारथी पोर्टलवर अर्ज भरायचा, वयाचा पुरावा आणि पालकांची संमती जोडायची, वाहतुकीच्या नियमांवरची परीक्षा द्यायची. त्यात किमान ६० टक्के गुण हवेत. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. ३० दिवस झाले की पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. चाचणीला गाडी उमेदवारानेच न्यायची असते, ती ज्या वर्गाचं लायसन्स हवं त्याच वर्गातली. इथे गाडं अडतं. कुणाच्या तरी आजोबांची लुना पार्किंगमधून झाडूनपुसून काढली तर ठीक. समजा सगळं पार पडलं आणि कार्ड हातात आलं, तरी ते ५० सीसीपुरतंच. ते खिशात ठेवून ॲक्टिव्हा चालवणारा मुलगा कायद्याच्या लेखी विनालायसन्सच.

विजेवरच्या गाड्यांची एक पळवाट आहे, ती खरी आहे पण अरुंद आहे. मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल, तर ती गाडी 'मोटार वाहन' धरली जात नाही. तिला लायसन्स नको, नंबरप्लेटही नको. अट एकाही बाबतीत मोडली की सवलत संपली. "कंट्रोलर थोडा सेट करून देतो, चाळीसपर्यंत पळेल," असं दुकानदार म्हणाला, तर तो तुम्हाला नोंदणी नसलेलं मोटार वाहन विकतोय.

मूल पकडलं गेलं तर काय होतं? २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९-अ आलं, आणि गुन्ह्याचा रोख पालकाकडे आणि गाडीच्या मालकाकडे वळला. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. गाडी तुमच्या संमतीनेच नेली होती असं न्यायालय गृहीत धरतं. मला माहीत नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही, म्हणजे सगळं कॉलेज आणि पहिली नोकरी बसने. १९ मे २०२४ ला पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेल्यावर चर्चा झाली ती जामिनाच्या अटीतल्या ३०० शब्दांच्या निबंधाची. किल्ली कुणी दिली, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

विम्याचं गणित याहून जड. समोरचा जखमी झाला किंवा गेला, तर विमा कंपनीला आधी त्याची भरपाई द्यायला लावून ती रक्कम गाडीच्या मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालयं देतात. ही रक्कम लाखांत असते.

आता मूळ मुद्दा: कायदा बाजूला ठेवला तरी सोळाव्या वर्षी गाडी द्यावी का? सोळाव्या वर्षी हात-डोळे मंद असतात असं मुळीच नाही. उलट ते बापापेक्षा चपळ असतात. ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. समोर कुत्रं आलं हे कळून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला, तर गाडी २१ मीटर पुढे गेलेली असते. एकामागे एक उभ्या दोन एसटी बस, साधारण तेवढं. चपळ मूल यातले दोन-चार मीटर वाचवेल. पण इथे ५० ने जायचंच नाही हे आधी ठरवणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. त्यात मागच्या सीटवर मित्र. अमेरिकेतल्या गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी २००५ मध्ये मुलांना आणि मोठ्यांना संगणकावर गाडी चालवायचा खेळ दिला. मित्र बघत असताना किशोरांनी जास्त धोके पत्करले. चोविशीपुढच्या माणसांवर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. क्लास सुटल्यावर ट्रिपल सीट निघालेली पोरं पाहिलीत तर प्रयोगाची गरजही वाटणार नाही.

न्यूझीलंडने १९८७ पासून हेच ओळखून लायसन्सच्या पायऱ्या केल्या. आधी शिकाऊ, मग मर्यादित, शेवटी पूर्ण. मर्यादित लायसन्सवर रात्री १० ते पहाटे ५ एकट्याने चालवायचं नाही, आणि शेजारी अनुभवी चालक नसेल तर मित्रांना बसवायचं नाही. जर्मनीत सतराव्या वर्षी कार चालवता येते, पण शेजारी किमान तिशीचा लायसन्सधारक हवा. आपल्याकडे अठरा पूर्ण झाली, महिन्याभराने चाचणी पास झाली, की त्याच रात्री चार मित्र भरून महामार्गावर निघायला कायद्याची आडकाठी नाही.

म्हणून सोळाव्या वर्षी गाडी द्यावी का, याला माझं उत्तर असं: द्यावी, पण पायऱ्यांनी, आणि शिकण्याजोगी गाडी असेल तरच. आज तशी गाडी नाही आणि पायऱ्याही नाहीत, तेव्हा देऊ नये.

काकांशी वाद घालत बसू नका. घरातल्या गाडीचं आरसी काढा आणि इंजिनच्या सीसीचा रकाना बघा. आकडा ५० च्या वर असेल, तर मुलाचा अठरावा वाढदिवस होऊन लायसन्स हातात येईपर्यंत किल्ली तुमच्या खिशात राहू द्या.