चुकांचा आकडा चारचौघांत

आपल्या मालात आज किती दोष आहेत, हे कोण रोज जगाला सांगेल? डेबियन सांगतं. 1993 साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेली ही मुक्त संगणकप्रणाली आजही जगभरचे स्वयंसेवक घडवतात, आणि तिच्यातल्या बगांच्या नोंदी कोणालाही वाचता येतात. 2021च्या नोव्हेंबरमध्ये या नोंदींचा क्रमांक दहा लाखांवर पोहोचला! नवी आवृत्ती कधी येणार, याचं त्यांचं जुनं उत्तर ‘तयार होईल तेव्हा’. या तयारीचं मोठं माप म्हणजे ‘रिलीज-क्रिटिकल’ बगांची संख्या: माहिती नष्ट करणारे, सुरक्षेला भगदाड पाडणारे, प्रकल्पाचे नियम गंभीरपणे मोडणारे बग.

हा आकडा रोज आपोआप सोशल मीडियावर टाकायला थक्क व्हावं इतकं थोडं लागतं. युनिक्सच्या ‘क्रॉन’ला एक ओळ लिहून द्यायची: मिनिट, तास, तारीख, महिना, वार आणि पुढे चालवायची आज्ञा. ठरल्या वेळी तो स्क्रिप्ट सुरू करतो. स्क्रिप्ट डेबियनच्या खुल्या डेटाबेसमधून आजचा आकडा घेते, त्यातून कालचा वजा करते, वाक्य जुळवते आणि आपलं गुप्त टोकन दाखवून ते मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कच्या सर्व्हरकडे धाडते. मध्येच नेटवर्क तुटलं आणि पोस्ट पोहोचली की नाही हेच कळेना, तर? त्याचीही तजवीज आहे, आणि मला ती फार देखणी वाटते. विनंतीसोबत एक खूण पाठवता येते. थोड्या वेळाने तीच खूण पुन्हा आली, तर सर्व्हर दुसरी पोस्ट करत नाही.

पण खरी नवलाई याच्या अलीकडे आहे. समजा, कुठल्याशा गावी कोणी रात्री जागून बग दुरुस्त केला. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, तो ‘क्लोजेस’ असं लिहून बगचा क्रमांक टाकतो. पॅकेज स्वीकारलं गेलं की त्या एका ओळीमुळे बग बंद होतो आणि तक्रार करणाऱ्याला ईमेल जाते. काही दिवसांत, सगळं सुरळीत असेल तर, पॅकेज पुढच्या आवृत्तीची तयारी चालते त्या ‘टेस्टिंग’ शाखेत सरकतं, तिथला आकडा एकाने उतरतो, आणि पोस्टमध्ये तो एक दिसतो. एवढ्या साखळीत माणसाचा हात लागतो तो दुरुस्ती करून, ती ओळ लिहून पॅकेज पाठवण्यापुरता.

मात्र आकडा उतरला म्हणजे दुरुस्ती झालीच, असं नाही. ज्या पॅकेजवर फारसं काही अवलंबून नाही, ते बग तसाच राहिला तर टेस्टिंगमधून आपोआप वगळलं जातं, आणि त्याचा बगही मोजणीतून जातो. उलट नवा कंपायलर येतो तेव्हा स्वयंसेवक हजारो पॅकेजेस पुन्हा बांधून पाहतात. जी बांधली जात नाहीत त्यांच्या नोंदी होतात आणि आकडा उसळतो. ती उसळी म्हणजे प्रामाणिक शोधाचं फळ. म्हणून अशी स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने नुसती बेरीज-वजाबाकी देऊ नये. सुधारलेले किती, वगळल्यामुळे गेलेले किती आणि नवे सापडले किती, हे पोस्टमध्ये वेगवेगळं सांगावं. त्यासाठी लागणारी माहिती नोंदींमध्ये आहेच.